कुऱ्हाडीपुढं मागितलेलं पाणी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सरपंच आप्पासाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या पोलीस पाटील लक्ष्मीबाई, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अक्का, आणि देवगाव रंगारीच्या माझ्या मायबाप ग्रामस्थांनो,

आधीच्या वक्त्यांनी अक्कांच्या शांत स्वभावाचं लई गोड वर्णन केलं. गोड असतो व्हय शांतपणा? मी तो रक्तानं माखलेला पाहिलाय.

माझे मालक बन्सी आणि धाकटे दीर गोकुळ यांची वाटणी झाली. राग एवढा, की सामाईक विहिरीचा दोर एकानं नेला आणि बादली दुसऱ्यानं. हसू नका, तुमच्या घरातही असं काही निघंल! पुढं बांध कोरण्यावरून पेटलं. भाऊजींनी काठीनं ह्यांचं डोकं फोडलं. ह्यांनी भाऊजींना आडवं पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि कुऱ्हाड उगारली. आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या अक्का मधी शिरल्या. घाव त्यांच्या हातावर बसला. आतलं हाड दिसत होतं, अध्यक्षमहाराज!

अक्का ओरडल्या नाहीत. बांधावर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बन्सी, पाणी पाज रं मला. गोकुळ, तू बी जा."

रानात कुणी पाणी मागितलं तर आपण वैऱ्यालाही नाही म्हणत नाही. पण एकाकडं दोर, दुसऱ्याकडं बादली! एकमेकांच्या नरड्याला लागलेल्या त्या दोघांना विहिरीवर जोडीनं उभं राहावं लागलं. कुऱ्हाड बांधावरच पडून राहिली.

मग अक्कांनी प्रकरण दाबलं असंल, असं वाटतं का तुम्हाला? नाय. पोलिसांना खरा जबाब दिला आणि ह्यांना हर्सूलच्या जेलात जावं लागलं. माझ्या सासूबाई, कडूबाई, अक्कांच्या घरावर चालून गेल्या. दगडानं दार बडवलं. "माझं लेकरू जेलात घातलंस, तुझे हात झडतील!" असे तळतळाट दिले.

अक्कांनी स्वतः कडी काढली. बँडेजातला हात तसाच गळ्यात होता. त्या म्हणाल्या, "कडूबाई, एक लेक जेलात हाय, दुसरा घरी हाय. दोघांचंबी तोंड बघता येतंय तुला. ये, आत बस."

सासूबाईंच्या हातातला दगड उंबऱ्यावर पडला आणि त्या अक्कांच्या पायाशी बसून रडल्या.

शिक्षा भोगून हे घरी आले. दोघं भाऊ अजून बोलत नाहीत, खोटं कशाला सांगू? पण आज याच मंडपात दोघंही बसलेत, जित्ते.

अक्का, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. मला बोलायची संधी दिली म्हणून पंचायतीचे आभार. आवाज चढला असंल, कुणाला लागलं असंल, तर सांभाळून घ्या. अक्कांसारखं हळू बोलणं मला अजून जमत नाही.