मुळासकट गौर

हॅलो?… कोण? जरा मोठ्याने… अगंबाई, रुक्मिणीमावशी! गोवंडीहून?… हो, नलिनीच बोलतेय… विमलाला ना? बोलावते हो, समोरचं तर दार. तुमची सून कुठे पळून जातेय!… काय सांगता, उद्या गौरीला येताय? या की!

(रिसीव्हरवर हात ठेवून) अहो, तुम्ही मध्ये बोलू नका. हो, तिचीच सासू. नाही बोलावत एवढ्यात! माझा तेरडा कापून नेला तिने, तिच्या मोरीत, बादलीत, या डोळ्यांनी पाहिलाय मी… क्षमा? क्षमा गौरी गेल्यावर!

हां मावशी, बोला… येईल, धुणं वाळत घालतेय… तेरडा? विमलाने सांगितलं? परवा तुमच्याकडे आली तेव्हा?… स्वतः लावलाय म्हणाली? टाकीमागे? अस्सं… होता ना. म्हणजे, आहे, आहे!

केवढे कष्ट घेतलेत म्हणून सांगू! बी मालवणचं… नाही, तिचं माहेर लांज्याचं, ते खरंच. मिळालं असेल कुठून तरी! टाकीचं पाणी सांडतं तिथे कायम ओल. तेरड्याला ओल हवी, पण पाणी साचलं की देठ कुजलाच. म्हणून चर खणला. दुपारच्या उन्हाने माना टाकायचा, म्हणून गोणपाट बांधलं. शेंडे खुडले तेव्हा कुठे फुटवे आले… मला कसं माहीत? खिडकीतून बघायचे ना! रोज!

बुवा परवा कीर्तनात म्हणाले, देवाचा न्याय उशिरा येतो. म्हटलं, या खेपेला गोवंडीहून लवकर निघालेला दिसतोय… काही नाही हो, कीर्तनातलं आपलं सहज.

मावशी, एक विचारू? तुमच्यात तेरड्याची गौर मुळासकटच लागते ना?… कापलेली अजिबात नाही?… "मुळं नाहीत ती गौर नव्हे, पालेभाजी"! वा मावशी! आमची आईसुद्धा हेच म्हणायची. मुळं म्हणजे गौरीची पावलं. पावलांशिवाय ती घरात येणार कशी?… मग उद्या मुळं तुम्हीच धुवा. सगळ्या बायकांसमोर. सुनेचं कौतुक व्हायला नको?

माझी?… माझ्याकडे नाही हो यंदा गौर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच… काय सांगू कशामुळे. स्टेशनबाहेर जुड्या मिळतात, पण माझ्या हाताने वाढवलेलीच बसवते ना मी, आईच्या बियांची… नाही, रडत नाहीये. सर्दी झालीय… हो, आईचं गाव मालवणच.

टाकीमागचा तेरडा माझाच का? मी कुठे तसं म्हटलं, मावशी!… काय म्हणालात? विमलाने गौर मला द्यायची? तिच्या हातून?… मुळासकट?… हळदकुंकू लावून, तुमच्या देखत?… आणि नाही दिली तर उद्या तुम्ही तिच्या घरी पाण्याचा थेंब घेणार नाही?

नाही नाही, मी कशाला सांगू! मी परकी. तुम्हीच सांगा. थांबा हं, ठेवू नका…

विमलेऽऽ! ए विमले! सासूबाईंचा फोन!… खुशीत आहेत का? तूच विचार की! तुझ्या तेरड्याचंच चाललं होतं आमचं… अगं घे ना, धर कानाला. त्या थांबल्यात.

मी बसते हो इथेच.