या घरातून एक डॉक्टर निघो

"शिकायचं खूळ गेलं हो तिच्या डोक्यातून! आता तिच्यासमोर कॉलेजचं नाव काढू नका, उगाच आठवण व्हायची..."

हे वाक्य त्या रविवारी सासूबाईंनी आत्याबाईंना सांगितलं होतं, मला नाही. पण मी दाराआड जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी उघडत होते आणि झाकण काही केल्या फिरत नव्हतं, म्हणून ऐकलं. झाकण वेळेवर निघालं असतं तर आजही मला वाटत राहिलं असतं की बिचाऱ्या विसरल्या असतील, वय झालंय, व्याप किती असतात... विसरल्यात कुठल्या! सगळं लख्ख आठवतंय, फक्त मी विसरावं एवढीच इच्छा आहे!

तुम्हाला सांगते, लग्न ठरलं तेव्हा हेच तोंड काय म्हणालं होतं? नारीनला, माझ्या माहेरी, माझ्या आईसमोर, हातात मटणाचं हाड धरून: "शिकवू की! अकरावी होऊन शाळा संपलीये, हुशार आहे, होऊ दे डॉक्टर, आम्हाला काय नको झालंय?" माझी आई आनंदानं रडली. मग मी आले इकडे कोचकोरला. पहिल्या आठवड्यात भीत भीत विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "बघू, आधी चहा ओत." मेंढ्या कुरणावरून खाली आल्या तेव्हा विचारलं, बर्फ पडल्यावर विचारलं, बर्फ वितळल्यावर विचारलं... "बघू, आधी चहा ओत!" आणि चहा म्हणजे एकदा ओतून मोकळं झालो असं असतं का आमच्याकडे? वाडगा अर्धाच भरायचा, तो मान! काठोकाठ भरला तर 'प्या आणि उठा' असा अर्थ. म्हणजे अर्धा वाडगा, दोन घोटांत रिकामा, लगेच परत माझ्यासमोर, परत अर्धा... मान देऊन देऊन मनगट गेलं हो माझं!

तर त्या रविवारी काय होतं, की माझी नणंद अकरावी झाली होती आणि तिनं पुढे काय करायचं हे ठरवायला सगळे जमले होते. नणंदेचं नाव विचारू नका, सुनेनं सासरच्या कुणाचंच नाव तोंडातून काढायचं नसतं, आम्ही आपली टोपणनावं पाडतो. ती माझी खडीसाखर. काकासासरे म्हणजे कल्पाकवाले, कारण ती उंच पांढरी टोपी ते जेवतानाही काढत नाहीत. आत्याबाई म्हणजे राजधानीवाल्या, कारण बिश्केकला राहतात आणि दर तिसऱ्या वाक्याला ते सांगतात. शिवाय सासू, सासरे आणि माझे 'हे'. ह्यांना टोपणनाव नाही. हे नुसते बोरसोक खात असतात, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, साय लावून.

सगळे बसले गालिच्यावर, मी बसले चहाच्या समोवारापाशी, दाराजवळ, आणि सुरू झालं...

"वकील करा पोरीला!" कल्पाकवाले गरजले. "कुरणाची केस नऊ वर्षं चाललीये, घरचा वकील असता तर नऊ दिवसांत..."

"कसला वकील, दादा! आमच्या बिश्केकमध्ये पोरं कस्टममध्ये घालतात. माझ्या शेजारणीचा मुलगा, दुसऱ्याच वर्षी दुमजली घर!"

"डॉक्टर," सासरे म्हणाले आणि गुडघा चोळला. त्यांचा प्रत्येक मुद्दा गुडघ्यातूनच येतो.

आणि खडीसाखर? ती माझ्या शेजारी बसून कानात कुजबुजत होती, "वहिनी, मला केक करायचेत गं, तीन मजली, लग्नाचे." तिला कुणी विचारलं का? छे! विचारायला काय ती कुरणाची केस आहे?

आता एक गोष्ट तुम्हाला सांगते, तोवर ती घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होती. मे महिन्यात खडीसाखरेची ती सरकारी प्रवेशपरीक्षा होती ना, तालुक्याला, तिला सोबत म्हणून मला पाठवलं होतं. थर्मास दिला, बोरसोक दिले, "हिच्यावर लक्ष ठेव" म्हणून बजावलं. आणि या पोरटीनं काय करावं? शाळेत स्वतःचं नाव नोंदवताना माझंही नोंदवून ठेवलेलं! सभागृहात बाईंनी पुकारलं, "बुरुल!" मी इकडे तिकडे बघतेय, कोण बरं ही बुरुल? आठ महिने 'सूनबाई' आणि 'वहिनी'शिवाय काही ऐकलं नव्हतं हो... मीच की ती! बसले. मुख्य पेपर आम्ही दोघींनी दिला. दुपारी, डॉक्टर व्हायचं त्यांच्यासाठी, जीवशास्त्र आणि रसायन होतं. खडीसाखर म्हणाली, "वहिनी, तू बस, मी थर्मास सांभाळते." मी बसले, आणि ती थर्मास घेऊन आइस्क्रीम खायला गेली.

निकाल लागला, चांगला लागला, ह्यांना सांगितला. हे म्हणाले, "मी बोलतो आईशी, जरा मूड बघून." तीन आठवडे हे मूड बघतायत! हवामान खात्यानंही इतकं कधी बघितलं नसेल! शेवटी मीच एकदा भांडी घासताना सासूबाईंजवळ सुरुवात केली, "आई, ते कॉलेजचं..." "बघू, आधी चहा ओत."

असो. इकडे आत्याबाई रंगात आल्या होत्या. रिकामा वाडगा माझ्या हातात देत म्हणाल्या, "काही झालं तरी मुलीनं शिकलंच पाहिजे बाई! नाहीतर आयुष्यभर लोकांच्या घरी चहा ओतत बसायची वेळ येते!"

मी ओतत होते. शपथ घेऊन सांगते, मुद्दाम नाही केलं... पण हात थांबलाच नाही. अर्धा झाला, पाऊण झाला, काठाला आला, आणि तसाच दिला मी त्यांच्यासमोर. सगळी मंडळी त्या वाडग्याकडे बघायला लागली, जणू त्यात साप पोहतोय! राजधानीवाल्यांनी वाडग्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आपल्या चपलांकडे बघितलं...

"झोप झाली नाहीये तिची," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "पहाटे उठते बिचारी."

विषय बदलायचा म्हणून कल्पाकवाल्यांनी खाकरून दोन्ही तळवे पसरले. म्हणजे आता बाता! आमच्याकडे थोरल्यानं बाता दिली, म्हणजे आशीर्वाद दिला, सगळ्यांनी ओमिन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले, की संपलं; मग तो शब्द परत घेता येत नाही, वाया घालवला तर घराला बाधतो. सासऱ्यांच्या गुडघ्यावर दया येऊन असेल, पण वकिली सोडून ते म्हणाले, "या घरातून एक डॉक्टर निघो! गावात त्याचं नाव निघो!"

"ओमिन!" सहा जणांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. मीही फिरवला. जरा जास्त वेळ फिरवला.

"आण गं तुझे गुण, बघू," आत्याबाईंनी खडीसाखरेचा फोन घेतला, चष्मा चढवला. "हं... जीवशास्त्र कुठंय? रसायन कुठंय?"

"ते मी दिलंच नाही," खडीसाखर म्हणाली. "आइस्क्रीम खायला गेले होते."

मग काय विचारता! सासूबाईंनी कपाळ धरलं. आत्याबाई म्हणाल्या, "बिश्केकमध्ये असं होत नाही!" कल्पाकवाले तर उभेच राहिले, "सत्तर वर्षांत माझी एक बाता वाया गेली नाही! कुणीतरी व्हायलाच पाहिजे डॉक्टर!" सासरे ह्यांच्याकडे वळले, "तू हो रे!" हे पाच वर्षं व्हॅन चालवतायत, शाळेत रसायनाच्या तासाला खिडकीतून उडी मारायचे असं स्वतःच सांगतात, बोरसोक घशात अडकला ह्यांच्या. पाठीवर थापटलं तेव्हा खाली गेला, आणि डोळे पुसत पुसत हे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे मूड बघायचं काम आता माझ्याकडे...

सासूबाईंना ते दिसलं. त्यांना काय दिसत नाही? पटकन म्हणाल्या, "सूनबाई, सगळ्यांचे वाडगे रिकामे झालेत, बघू, आधी चहा..."

खडीसाखरेनं खालून माझ्या गुडघ्याला असं कोपर मारलं की अजून दुखतंय. मी किटली खाली ठेवली. या घरात आल्यापासून सगळ्यांसमोर मी एक अख्खं वाक्य कधी बोलले नव्हते, त्यामुळे आवाज निघेल की नाही याचीच खात्री नव्हती. निघाला, जरा मोठाच निघाला...

"काका, जीवशास्त्र आणि रसायन मी दिलंय, पासही झालेय. तुमची बाता वाया जाणार नाही, मी जाते. पण सहा वर्षं लागतील... तोवर घरात कुणी आजारी पडू नका."