सुटत नाही ते लॉक

पोराच्या जीपचं सांगतो, ऐका. चिखलात एकच चाक गरगरते अन् गाडी फसते, म्हणून त्यानं नंदनवन वस्तीतल्या मिस्त्रीकडून मागच्या डिफरन्शियलात, म्हणजे दोन चाकाईले ताकद वाटणाऱ्या डब्यात, हवेच्या दाबानं लागणारं लॉक बसवलं. बटन दाबलं का दोन्ही चाकं संगच फिरतात.

पोराले बायको-लेकरं घेऊन घाटात जायाचं होतं. "बाबा, उशीर होऊन राहिला!"

गाडी न्याले गॅरेजात गेलो, तं म्या मिस्त्रीले म्हटलं, "आधी मले दाखवा."

मिस्त्रीनं तोंड वाकडं करून मागची चाकं जॅकवर उचलली. म्या एक फिरवलं, तं दुसरं उलटं फिरलं.

"हे काहून उलटं?"

"काका, सगळ्याच गाड्याईचं असंच राहते."

पोरानं गाडीत बसून बटन दाबलं, दोन्ही एकाच दिशेनं फिरली. बटन बंद केलं, तरी तसंच!

"आता सुटत काहून नाही गा? वळणावर भायेरचं चाक जास्त फिराले लागते, अशी गाडी घाटात वळन का?"

मिस्त्री वाकून पाहाले लागला. "काका, व्हॉल्वच्या या भोकातून हवा निघे. गळते समजून मीच बूच ठोकलं."

"मंग आतली हवा भायेर कुठून येईन? बंद करून पाहिलं नव्हतं?"

"चालू करून पाहिलं होतं."

बूच काढलं. फुस्स झालं, चाकं सुटली.

पोरगा गाडीतून उतरला. "बाबा, ब्रेक बी पाहून घेता का?"