खिळ्यावरची पिशवी

निपाणीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

“बायाक्का, वडगावात पाणी शिरलं म्हणं?”

“व्हय गं रक्षा. पण यंदा आमची तयारी हुती. आधार कार्ड, गोळ्या, बॅटरी, सगळं एका पिशवीत घालून दारामागं खिळ्याला अडकवलं हुतं.”

“मग दारातनं आलं पाणी?”

“दारातनं कुठलं? हातमागाच्या खड्ड्यातनं वर आलं! सासूबाई त्या खड्ड्यात पाय सोडून साडी विणत बसल्या हुत्या. पाय गार लागले म्हणाल्या, तवा कळलं.”

“अगं बाई! साडी कापून घेतलीसा?”

“कापली तर हजारो धागे परत एकेक जोडायचे. मी कात्री हातात घेतली, तोवर गल्लीतली माणसं आत आली. त्यांच्याबी घरात पाणी गं, तरी आली! मागाच्या दोन्ही टोकांचे रूळ सोडवले, उभे धागे तसेच ताणून डोक्यावर धरले, आन् कमरेएवढ्या पाण्यातनं शाळेपातूर नेले.”

“तुटले?”

“एक न्हाय! शाळेच्या गच्चीवरच्या बायका म्हणत हुत्या, पाण्यावरनं हिरवी साडीच चालत येतीया.”

“आन् ती खिळ्यावरची पिशवी?”

“ती खिळ्यालाच राहिली. हात कुणाचा मोकळा हुता?”