उजव्या क्लिकवरचा मंगळ

नाही नाही, इसाजीभाऊ, माउस तुमच्याच हातात ठेवा, मी नुसतं बोट दाखवते — हां, या फाइलवर आता उजवं बटण दाबा. बघा! केवढी लांबलचक यादी उघडते. हे कापा, ते चिकटवा, नाव बदला — आणि मधेच हे, 'शेअर'. कोणी मागितलं होतं? वधूवर सूचक मंडळ चालवते मी खांदा कॉलनीत, प्रसाद नाही वाटत! काल आमच्या किशोरीने — ती बाहेर काउंटरवर बसते ना, उरणची, हात चपळ, डोकं मागून येतं — एका मुलीचा फोटो छापायचा म्हणून उजवं बटण दाबलं आणि अख्खा फोल्डरच शेअर करून बसली. उघडला तिच्या मशीनवर, आणि समोर कोण? शिरढोणहून आलेले त्या मुलीचे वडील! फोटोखाली माझा शेरा — 'मुलगी बरी, बाप बडबड्या'. दोन तास बोलले हो त्यावर. म्हणजे शेरा खरा की नाही, तुम्हीच सांगा.

तर हे शेअरबिअर मला यादीतून काढून हवंय. कॉम्प्युटर दुरुस्तीवाले तुम्ही, निघेल ना? — पण तो खालचा 'सेंड टू' ठेवा हं, तो माझा जीव की प्राण. त्यात मी मुद्दाम माझे दोन फोल्डर घालून घेतलेत — 'पत्रिका जुळते' आणि 'पत्रिका जुळत नाही'. हसताय काय? पूर्वी गुरुजी यायचे, पंचांग उघडायचे, दोनदा चहा व्हायचा, तेव्हा कुठे मंगळ सापडायचा. आता स्थळ आलं, उजवं बटण, सेंड टू, 'जुळत नाही' — लागला मंगळ! चहाही वाचला. — पत्रिका बघते की नाही? अहो, बघते की. लोकांच्या बघते.

म्हणजे गिऱ्हाइकांच्या, असं म्हणायचं होतं मला. आता तो 'जुळत नाही'वाला फोल्डर — तो कोणालाही दिसता कामा नये. किशोरीलासुद्धा नाही. आत काय असणार, नाकारलेली स्थळं, दुसरं काय — अहो, उघडू नका — उघडलाच! बरं, उघडला तर उघडला. हो, सगळ्यांवर 'कल्पेशसाठी' असंच लिहिलंय. कल्पेश म्हणजे आमचाच, आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलाय तो. घरूनच काम करतो. पस्तिशी उलटली, काय करणार, योग नाही. ही बघा पहिली — लग्नानंतर पुण्याला राहू म्हणते. मुलगा माझा, आणि राहणार पुण्याला! ही बँकेतली, हसते फार. आणि ही — हिच्यात काय खोट होती बरं? असेल काहीतरी. आल्या आल्या माझ्या गुडघ्यांना लावायला तेल घेऊन आली होती, कोणी सांगितलंसुद्धा नव्हतं. गोड पोरगी. फार गोड. अशांचीच जास्त भीती.

असं बघू नका माझ्याकडे. तुमची थोरली लेक ताल इस्रायलला गेली, मागोमाग धाकटी अविटल गेली — आता शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायला तुम्ही आणि बेलावहिनी, दोघंच ना? चार ताटांचं टेबल, मांडायची दोन — चुकलं माझं, बोलायला नको होतं. पण खरं सांगा, करमतं? नाही ना? मग! आमचे हे गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय आवाज आहे तो त्याचा एकट्याचा. नवीन पनवेलच्या एकेका सेक्टरमध्ये मी जमवलेली जोडपी भांडतायत मजेत, आणि मी काय भिंतींशी बोलू? नाही बोलणार. मला भीती वाटते हो, इसाजीभाऊ. झालं आता, बोलून गेले.

तर लावा कुलूप. हा फोल्डर ज्यांना दिसतो त्यांच्यातलं माझं नाव सोडून बाकी सगळी काढून टाका. — किती आहेत? तीन? रमा, म्हणजे मी. किशोरी — काढा. आणि तिसरं... चष्मा कुठे ठेवला मी, वाचा ना तुम्ही. — कल्पेश? त्याला दिसतो हा फोल्डर? कधीपासून पण? — खरंय, मशीन त्यानेच आणून लावलं. लावतानाच नाव घातलं असणार. म्हणजे पहिल्या मुलीपासून. म्हणजे सगळ्याच.

पण तो विचारतो हो मला. रोज, जेवताना, मान वर न करता — आई, आज काही आलं? मी म्हणते, आलं होतं रे, पत्रिका नाही जुळली. 'बरं' म्हणतो. आणि आपल्या हाताने माझ्या पानात भाकरी वाढतो. माहीत असून विचारत होता? रोज? मी काय उत्तर देते ते ऐकायला — की आज तरी देईन म्हणून?

— नाही, त्याचं नाव काढू नका. हात लावू नका म्हटलं ना! राहू दे मेनू, आहे तसा राहू दे. या तुम्ही. किशोरी, तूही जा घरी. — इसाजीभाऊ, उठा ना. बारा वाजून गेलेत, तो जेवायला बाहेर येईल.