मंदाकाकूंच्या टाकीत अडीच लिंबं

जागृती: किती लिंबं पिळलीस?

दौलत: एक.

जागृती: दौलत, मी तुझी बायको आहे.

दौलत: दोन. आणि तिसऱ्याचं अर्धं. अगं, काचेवर पांढरे डाग होते. म्हटलं, शेजारच्या काकूंनी विश्वासाने घराची चावी दिलीय, गावाहून येतील तर टाकी चकचकीत दिसू दे. आपल्या नळाचे डाग लिंबानेच जातात ना?

जागृती: नळात मासे राहतात का?

दौलत: मरतील गं?

जागृती: रडू नकोस. लॅबची पट्टी आहे पर्समध्ये. बुडवून बघते... अरे! पीएच सातच्या जरा वरच आहे, म्हणजे पाणी आंबट झालेलंच नाही.

दौलत: म्हणजे लिंबू डुप्लिकेट?

जागृती: लिंबू ओरिजिनल, पाणी खमकं! काकू बोअरचं पाणी भरतात. त्यातले क्षार आंबटपणा अंगावर घेतात, पीएच फारसा घसरू देत नाहीत. याला बफर म्हणतात. तुझ्या रक्तातही असतो.

दौलत: माझ्या? कधीपासून?

जागृती: जन्मापासून. आणि तू घासत होतास ना, ते डाग याच क्षारांचे. त्यांनीच मासे वाचवले.

दौलत: भारी! मग हे उरलेलं अर्धं पण...

जागृती: हात मागे! बफर संपतो. तोवर सगळं ठीक वाटतं, आणि मग पीएच धाडकन खाली. बादली आण, थोडं पाणी बदलू. आणि काकूंना एक शब्द बोलायचा नाही.

दौलत: वेडा आहे का मी?

(दारात चावी फिरते. मंदाकाकू आत येतात.)

मंदाकिनी: अगंबाई, दोघंही इथेच? खोपटच्या स्टँडवर एसटी लवकर पोचली बाई. मासे कसे आहेत?

दौलत: काकू, मी टाकीत लिंबू पिळलेलं. अडीच!

जागृती: झालं.

मंदाकिनी: अडीच? लोणचं घालायचं होतं का रे?

दौलत: सॉरी काकू. मासे बरे आहेत. बफर होता. रक्तात पण असतो.

मंदाकिनी: बस आधी, घाम पूस. आमच्या ह्यांनी एकदा अख्खा कप चहा सांडला होता या टाकीत.

जागृती: काका? मग?

मंदाकिनी: माशांना काही झालं नाही. पण हे घाबरून ते लपवत बसले, आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. आणि मी आपली समजत होते, माझंच काही चुकलं.