कोरडी रेघ

जपानमधल्या नारा शहरातल्या बसथांब्यावर माझ्या पुढे दोघी नणंदा-भावजया उभ्या होत्या. भावजयीच्या छातीवर सुलेखन स्पर्धेतली पहिल्या नंबरची फीत होती.

"वहिनी, तुमची शेवटची रेघ निम्मी कोरडी कशी?"

"शाई कुठे उरली होती? शेजारी ओकुमुराबाईंची वाटी कलंडली. दिली त्यांना माझ्यातली."

"तीन वर्षं तुम्हाला हरवणाऱ्या ओकुमुराबाई? सकाळपासून वडी उगाळून केलेली शाई त्यांना?"

"अहो, सगळ्यांना लिहायचं अक्षर कोणतं होतं? दुसऱ्याचं मन आपल्यासारखं जाणण्याचं! त्यात वर 'सारखं' ही खूण, खाली 'मन' ही. ते समोर ठेवून नाही कसं म्हणू?"

"मग रेघ पुन्हा गिरवायची."

"गिरवलं की अक्षर मेलं, वन्सं. एकदा उचललेला कुंचला त्याच रेघेवर पुन्हा टेकवायचा नसतो. दिली सोडून तशीच."

"आणि परीक्षक?"

"त्या रेघेपुढून हलेचनात. म्हणाले, सगळा जीव इथेच आहे."

"अगंबाई! आणि ओकुमुराबाई?"

"दुसऱ्या आल्या. पण त्यांच्या अक्षराला काय तजेला होता म्हणून सांगू!"

"तुमच्याहून?"

"असणारच. शाई माझी होती ना!"